आकडा

पालिकेच्या तक्त्यात नऊ रकाने होते:
घर क्रमांक, मालक, भाडेकरू, मजले,
भिंत कशाची, छप्पर कशाचं,
बांधकामाचं वर्ष, सद्यस्थिती, शेरा.
बोरपाखाडीत शिरलो तो मार्चमधला सोमवार,
खांद्याला तीस मीटरची टेप
आणि दोनच्या आत सुटायचं मनात.

एकवीस घरं.
फ्लायओव्हर त्यांच्या कौलांना जवळजवळ चाटून वळतो,
बस गेली की तिसऱ्या घराची तावदानं
थंडी भरल्यासारखी वाजतात.
जिने सगळे बाहेरून, लाकडी,
उशिरा येणाऱ्यानं आतल्यांची झोप मोडू नये म्हणून
बांधले असावेत तसे.
सागाच्या खांबांना कुठेच वाळवी नाही.
पास्कू मिस्किटा म्हणाला,
काजूच्या टरफलांचं तेल, दर मे महिन्यात, बोटं सोलून निघतात.
लिहून घेतलं,
तेलाला रकाना नव्हता तरी.

नाक्यावरच्या क्रूसाचं साल दगडातच होतं, १८९७.
त्या वर्षी आधी उंदीर पडले,
मग या गल्लीतली अकरा माणसं.
शेरा: झेंडूचा हार, आजचा.

अडलं ते बारा नंबरच्या घराशी.
दारावर लोखंडी इंग्रजी आकडे:
एक, आठ, सहा,
आणि पुढे चुन्यात नुसती दोन भोकं.

पाच, पास्कू म्हणाला.
अमेरिकेत लढाई, इथे कापसाचा भाव चढलेला,
पणजोबानं गोदीवर गासड्या मोजून मोजून घर उभं केलं.
समोरच्या कठड्यावरून होर्टेन्सा क्रियाडो हसली.
चढलेल्या कापसाचं नाय हो, पडलेल्या कापसाचं घर हाय ते!
बुडालेल्या व्यापाऱ्याचे वासे अर्ध्या किमतीत उचलले.
आठ लिहा, आठ.
दप्तर आपटत आलेला पोरगा म्हणाला,
काका, शून्य लिहा ना,
भांडणच नको.

मी लिहिलं: १८६_
साहेबांनी लाल पेनानं परत धाडलं:
वर्ष पूर्ण भरावे.

पुन्हा गेलो तेव्हा संध्याकाळ होती
आणि बारा नंबरच्या मुलाचं लग्न उद्यावर.
बँडवाला ट्रंपेटमधली थुंकी झटकत उभा,
बायका लाल लुगड्यांत, काखेत तांब्याच्या कळशा.
उमराचं पाणी आणायला निघालेल्या.
विहीर कुठेय? मी विचारलं,
माझ्या नकाशात तर नाही.
तिघांनी दोन स्कूटर उचलून बाजूला ठेवल्या,
स्लॅबमधलं झाकण सरकवलं,
खालून शेवाळाचा वास आला,
आणि बँड सुरू झाला.

रेमेडियानं दारामागून दोर आणला.
दोराच्या टोकाला आकडा.
त्यात कळशीचा कान अडकवला,
सोडली खाली,
पाण्याला लागल्याचा आवाज ट्रंपेटमध्ये बुडाला.

कळशी वर आली. आकडा ओला, काळा, उलटा लोंबणारा:
एक लांब तिरपा दांडा, खाली एक आखूड आडवा.
दांड्याच्या टोकाला भोक, त्यातून दोर ओवलेला.
वाकणापाशी दुसरं, रिकामं.
कुणाचं लक्ष नाही असं बघून टेप लावली.
दोन भोकांमधलं अंतर चार इंच एक सूत.
वही चाळली. मार्चमधल्या पानावर, दाराखाली,
माझ्याच अक्षरात:
चार इंच, एक सूत.

पाच नाही. आठ नाही.
पास्कू कळशीला हात देत होता,
होर्टेन्सा फुगे वाटत होती, गरम, कागदात,
माझ्याही हातात दोन ठेवले.
मी खाल्ले. बोललो नाही.

रात्री तक्ता भरायला बसलो.
वर्षाचा रकाना तसाच सोडला.
भरला तर कुणीतरी जिना लावून चढेल,
खिळे मारून त्याला परत दारावर बसवेल,
आणि पुढच्या लग्नात कळशी कशाला अडकवायची?
शेऱ्यात मात्र दोन ओळी लिहिल्या:
आकडा हरवलेला नाही.
घरातच आहे, वापरात.

फाइल अजून परत आलेली नाही.